दर वेळी दहा कमी

हेसल रोड, हल
१६ जानेवारी २०१७

लोमासबाई,

टिलीच्या दप्तरात तुमचा गुलाबी कागद सापडला. ‘गणित पक्कं करण्याची पद्धत, पालकांशी गप्पा, दर गुरुवारी संध्याकाळी, चहा-बिस्किटं मिळतील.’ मी येणार नाही. माझ्या खुब्याला तुमच्या शाळेतल्या बुटक्या खुर्च्या सोसत नाहीत, आणि गप्पा मारायला मला शेजारीण आहे. मोबाईल मी ठेवत नाही. तेव्हा कागदावर लिहिते, टिली आणेल-नेईल.

मी विनिफ्रेड गार्बट, टिलीची आजी. बाबाची आई. पोरगी रांगत होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिची आई कुठे आहे ते तिचं तिलाच ठाऊक. माझा मुलगा डॅरन समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला आहे, लोस्टॉफ्टला राहतो. तिथे त्याने दुसरं लग्न केलंय. सून लिॲन बरी आहे, मला काही म्हणायचं नाही.

नाताळात तो आला आणि त्याने टिलीची गणिताची वही उघडली. वजाबाकीचं पान, एकही धड नाही. मला म्हणाला, “आई, तुला हे आता झेपत नाही. इस्टरपर्यंत पोरीचं गणित सुधारलं नाही तर मी तिला घेऊन जातो. तिकडची शाळा चांगली आहे.” तो बोलतो ते करतो. माझाच मुलगा आहे.

म्हणून सरळ विचारते. सप्टेंबरपासून तुमचा वर्ग शंभराच्या आतच का घुटमळतोय? माझ्या भावाची नात टिलीएवढीच, ब्रिडलिंग्टनला आहे, ती हजारांची गणितं करते. टिली पहिल्या टेबलावर बसायची, ते हुशार पोरांचं टेबल कुठे गेलं? आणि उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही “कसं कळलं?” विचारता म्हणे. पोर काय चोरून आणते उत्तर?

घरी मी तिला रोज संध्याकाळी जेवण झालं की वजाबाक्यांना बसवते. माझ्यापुढे तिची एक चुकत नाही. मग शाळेत काय होतं?

वि. गार्बट


१८ जानेवारी

प्रिय मिसेस गार्बट,

पत्राबद्दल मनापासून आभार. इतकं स्पष्ट लिहिणारे पालक फार कमी.

हुशारांचं टेबल आम्ही मुद्दाम काढलं. पूर्वी काही मुलं पुढे पळायची आणि काही मागे राहायची, आणि मागे राहिलेल्यांना वाटायचं की आपल्याला गणित येतच नाही. आता सगळा वर्ग एकत्र चालतो. एक गोष्ट सगळ्यांना पक्की कळली की मगच पुढची. म्हणून आम्ही हळू जातो. ज्याला लवकर कळतं त्याला मोठे आकडे देत नाही. तेच गणित दुसऱ्या तऱ्हेने करून दाखव, चित्र काढून दाखव, मित्राला समजावून सांग, असं सांगतो. आधी हातात ठोकळे, मग चित्र, आणि शेवटी आकडे. सोबत एक आकृती पाठवते. वरच्या गोलात पूर्ण संख्या, खालच्या दोन गोलांत तिचे भाग.

“कसं कळलं?” हे अविश्वासाने नाही विचारत. मुलाला स्वतःचा विचार ऐकू यावा म्हणून विचारतो.

टिली हुशार आहे. पण वजाबाकी आली की चुकते, आणि मी कारण विचारलं की हनुवटी कॉलरमध्ये घालून गप्प बसते. घरी तिची एकही चुकत नाही, हे वाचून मी चकित झाले. गुरुवारी जमलं तर खरंच या.

आपली,
हॅरिएट लोमास


२३ जानेवारी

लोमासबाई,

तुमची आकृती मिळाली. तीन गोल आणि दोन दांड्या. मी टिलीला विचारलं, “हे काय, सायकल आहे?” तर म्हणे, “नाही आजी, हे पूर्ण आणि हे भाग.” मी म्हटलं, “कशाचे भाग?” म्हणे, “कशाचेही.” तेव्हा ठीक. कशाचेही भाग शिकायला पोरगी शाळेत जाते.

बाई, मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि जाळ्यांच्या शेडमध्ये लागले. मासेमारीच्या बोटींची जाळी आम्ही बायका हातांनी विणायचो. पहिल्या दिवशी मुकादमीणबाईंनी गाठ दाखवली, एकदाच. मी विचारलं, “अशीच का मारायची?” त्या म्हणाल्या, “कारण मी सांगते म्हणून.” संध्याकाळपर्यंत माझी बोटं चालायला लागली होती. हात थांबवून विचार करत बसणारीला आमच्याकडे घरी पाठवायचे.

गणितही तसंच आहे. रीत शिकायची, घोटायची, सुटायचं. मला शाळेत शिकवली तीच रीत मी टिलीला दिलीय आणि ती तिला येते. तुम्ही तिला ठोकळ्यांशी खेळवत बसता म्हणून ती गोंधळते.

सोमवारी सकाळी तिचं पोट दुखतं. मी चमचाभर औषध देऊन पाठवते. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

वि. गार्बट


६ फेब्रुवारी

प्रिय मिसेस गार्बट,

सोमवारी आमचा पहिला तास वजाबाकीचा असतो. तुमचं पत्र वाचून मला ते लक्षात आलं, आणि वाईट वाटलं. टिली दर वेळी ठोकळे बाहेर काढले की बाथरूमला जायचं म्हणते. मी जाऊ देत होते.

शनिवारी मी तिची वही घेऊन बसले. या आधी मी चूक-बरोबर एवढंच पाहत होते, ही माझी चूक. आता नीट पाहिलं. ५२ वजा २७, टिलीचं उत्तर १५. पाहिजे २५. ६३ वजा २८, तिचं २५, पाहिजे ३५. ८१ वजा ४६, तिचं २५, पाहिजे ३५. सगळं पान असंच. ती अंदाजाने काही लिहीत नाही. तिचं उत्तर दर वेळी बरोबर दहाने कमी येतं. म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी पक्की रीत आहे, आणि ती नेमाने पाळतेय.

आम्ही शिकवतो ते असं. ५२ मधल्या २ मधून ७ जात नाहीत. म्हणून ५ दशकांपैकी एक मोडायचं आणि त्याचे दहा सुटे करायचे. वर ४ दशकं आणि १२ सुटे राहतात. १२ मधून ७ गेले, ५. चार दशकांतून दोन गेली, २. उत्तर २५.

तुम्ही घरी कोणती रीत वापरता, ते सांगाल का? किंवा गुरुवारी येऊन दाखवाल? हॉलमधून मी उंच खुर्ची आणून ठेवली आहे. हात असलेली.

आपली,
हॅरिएट लोमास


१० फेब्रुवारी

लोमासबाई,

खुर्ची ठीक होती. बाकी काल काय झालं ते तुम्ही पाहिलंच, पण माझ्या बाजूने लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही उगाच काही समजायला नको.

तुम्ही सगळ्यांना ५२ वजा २७ करायला सांगितलं, ठोकळ्यांनी. सगळे आईबाप ठोकळ्यांकडे वळले. मी पेन्सिल घेतली आणि एका झटक्यात लिहून टाकलं. दोनातून सात जात नाहीत, वर दहा घेतले, बारातून सात गेले पाच. घेतलेल्याची परतफेड, खालच्या दोनाला एक दिला, तीन झाले. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. तुमचे ठोकळेवाले तोवर डबाच उघडत होते.

मग तो टायवाला बाप, चष्मेवाला, म्हणाला, “एक मिनिट आजीबाई, दहा घेतले कोणाकडून?”

मी म्हटलं, “हातचा घेतला.”

“हो, पण कोणाकडून? आणि परत दिला तो खालच्याला. घेतला वरच्याने आणि फेडला खालच्याने? माझं कर्ज असं कोणी दुसऱ्याने फेडलं तर मजाच!”

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, ते मी पाहिलं. पण उत्तर तुम्हीही दिलं नाहीत. मीही दिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. सहासष्ट वर्षं ही वजाबाकी करतेय आणि माहीत नव्हतं. म्हणून मी उठले आणि आले. चहा घेतला नाही.

घरी आले तर टिली जिन्यावर बसलेली, शेजारची मेव्हिस तिच्याजवळ. मला बघून टिली म्हणाली, “आजी, कुणाला परत द्यायचं, ते बाईंनी सांगितलं का?”

म्हणजे पोरीलाही तेच विचारायचं होतं. किती दिवस कोण जाणे. आणि मी तिला दर वेळी “विचारू नकोस, लिही” म्हणत आलेय.

आता घरी गणित बंद. तुम्हीही तिला छळू नका. इस्टर जवळ आलाय. नेऊ दे तिच्या बापाला, कदाचित तोच बरोबर म्हणतो.

वि. गार्बट


२० फेब्रुवारी

प्रिय मिसेस गार्बट,

शाळेला आठवड्याची सुट्टी, पत्र न्यायला टिली नाही, म्हणून हे स्वतः तुमच्या दारातून आत सरकवते.

मी गप्प राहिले कारण मलाही उत्तर माहीत नव्हतं. तुमची रीत माझ्या जन्माआधीच शाळांमधून गेली होती. मला कोणी ती शिकवली नाही. मी शिक्षिका असून त्या दिवशी तुम्हाला एकटीला तोंड द्यायला लावलं, याची मला लाज वाटते. सुट्टीत मी माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी कागदाला हातही लावला नाही. मला त्यांच्या घरातल्या जिन्यापाशी नेलं. माझ्यासोबत त्यांचा नातू उभा केला. म्हणाले, तुमच्या दोघांच्या उंचीत फरक किती? मग म्हणाले, दोघंही एक पायरी वर चढा. आता फरक किती?

तितकाच.

तुमच्या रीतीत कोणी कोणाकडून काही घेत नाही, मिसेस गार्बट. वरच्या संख्येत दहा वाढवायचे, सुटे. खालच्या संख्येतही दहाच वाढवायचे, एक दशक म्हणून. दोघी एकेक पायरी वर चढतात, आणि फरक तसाच राहतो. तुमची रीत बरोबर आहे. फक्त ‘परतफेड’ हा शब्द कोणीतरी शिकवायला सोपा पडावा म्हणून चिकटवलेला.

आता टिलीचं सांगते. सुट्टी लागण्याआधी शुक्रवारी मी तिला ठोकळे न देता विचारलं, “तुझ्या आजीच्या रीतीत नंतर काय करायचं?” ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “आजीचं परत द्यायचं.” मी विचारलं, “माझ्या रीतीत मी आधीच एक दशक मोडलं ना? मग परत का द्यायचं?”

ती म्हणाली, “कारण आजी म्हणते, घेतलेलं परत दिलं नाही तर ती चोरी.”

समजलं तुम्हाला? ती माझं दशक मोडायची, आणि वर तुमच्यासाठी परतफेडही करायची. दोन्ही. रोज. म्हणून दर वेळी दहा कमी. घरी फक्त तुमची रीत, म्हणून घरी सगळं बरोबर. ती काही विसरत नव्हती. दोघींपैकी कोणालाच नाराज करायचं नव्हतं तिला.

घरचं गणित बंद करू नका. फक्त रीत देऊ नका. विचारा, आणि थांबा.

आपली,
हॅरिएट लोमास


६ मार्च

लोमासबाई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मेव्हिसला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “विन, तू पोरीला जाळ्यांच्या शेडसारखी शिकवतेस.” मी तिला माझ्या किचनमधून बाहेर काढलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

शनिवारी मी टिलीला जिन्यापाशी नेलं. खालच्या पायरीवर ती, फरशीवर मी, ही सुरुवात. तर ती म्हणते, “आजी, हे चूक आहे. आधी दोघी खाली.” आधी दोघी खाली. माझ्या खांद्यापर्यंत येते आता. मग दोघी एक पायरी वर. खुब्याने शिव्या घातल्या, पण चढले. मी म्हटलं, “फरक किती?”

ती बोलेना. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाई, तुम्हाला कल्पना नाही हे किती अवघड असतं. किटली शिट्टी मारत होती. बाहेरून मेव्हिस ओरडत होती की आम्ही दोघी जिन्यावर काय करतोय. 

टिली म्हणाली, “तेवढाच आहे. तू अजून माझ्यापेक्षा तेवढीच उंच आहेस.” मग थोडी थांबली आणि म्हणाली, “आजी, म्हणजे मी परत दिलं नाही तरी चोरी होत नाही?”

मी म्हटलं, “नाही गं. कोणी काही घेतलंच नव्हतं.”

तिथेच पायरीवर बसून रडली. मला वाटलं चढण्याने पाय दुखला. विचारलं तर म्हणे, “नाही, असंच.”

रविवारी आम्ही कपड्यांचे चिमटे घेऊन बसलो. दहा-दहा चिमट्यांना रबर लावले. तिने तुमची रीत दाखवली, एका जुडीचा रबर काढून. मला म्हणाली, “आता तू कर.” माझ्या हातून रबर तुटला. ती म्हणते, “घाई नको, आजी.” मला आधी राग आला. मग हसू आलं.

सोमवारी पोट दुखलं नाही.

वि. गार्बट


३१ मार्च

प्रिय मिसेस गार्बट,

आज वर्गात मी फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं आणि दोन उत्तरं, २५ आणि १५. विचारलं, १५ लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल? कोणाचं उत्तर आहे ते अर्थात सांगितलं नाही.

टिलीने हात वर केला. फळ्यापाशी आली आणि म्हणाली, “त्याने दोन रीती एकत्र केल्या. दोन्ही बरोबर आहेत, पण एकावेळी एकच.” मग टायवाल्यांचा मुलगा बेनेडिक्ट म्हणाला, “कसं कळलं?” आणि तिने त्याला खुर्चीवर चढवलं, स्वतः शेजारच्या खुर्चीवर चढली, आणि अख्ख्या वर्गाला उंचीचा फरक दाखवला. बेनेडिक्ट आज संध्याकाळी घरी जाऊन बाबांना सांगणार आहे.

तिचा अहवाल सोबत आहे. डॅरनना दाखवा. त्यातला एकही शब्द मी वाढवून लिहिलेला नाही.

हॅरिएट लोमास


२४ एप्रिल

लोमासबाई,

डॅरन आला होता. गुड फ्रायडेला.

मी बटाट्याच्या तळलेल्या पॅटी आणि चिप्स आणले होते, टेबलावर तुमचा अहवाल मांडून ठेवला होता, वही उघडी, चिमटे तयार. टिलीने त्याला पाच वजाबाक्या करून दाखवल्या, एक माझ्या रीतीने, चार तुमच्या. त्याने पाहिलं. चांगलं म्हणाला. मनापासून म्हणाला. मग म्हणाला, “आई, मला आता किनाऱ्यावरचं काम मिळालंय. बोटीवर जायचं नाही. रोज घरी असेन. टिलीची खोली लिॲनने रंगवलीय.”

मी म्हटलं, “तू गणिताचं बोलला होतास.”

“गणिताचं बोललो, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचलं नाही.”

टिली चिप खात होती. ती थांबली आणि बापाकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे मला जास्त बरं, हे तुम्हाला कसं कळलं?”

अगदी तुमच्या आवाजात, बाई. रागाने नाही. खरंच विचारलं.

 डॅरन उठला, मागच्या अंगणात गेला, सिगारेट ओढली. पॅटी निवली. परत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “मला नाही कळलं, टिल. सिद्ध करता येत नाही. फक्त रविवारी मी इथून गाडी काढतो तेव्हा पूल ओलांडेपर्यंत मला आरशात बघवत नाही. एवढंच कारण आहे.”

टिलीने त्यावर विचार केला.  मग म्हणाली, “हे कारण आहे.” आणि माझ्याकडे वळली. “आजी, तुझं कारण काय?”

मी म्हटलं, “पॅटी थंड होतेय, खा.”

असं झालं. जुलैत शाळा संपली की ती जाईल.

वि. गार्बट


२५ एप्रिल

प्रिय मिसेस गार्बट,

पत्र वाचलं. मी डॅरनना पत्र लिहू का? मी शिक्षिका म्हणून लिहू शकते की टिली इथे आत्ता कुठे सावरतेय, आणि शाळा बदलली तर मागे पडण्याचा धोका आहे. ते ऐकतील असं मला वाटतं. तुम्ही फक्त हो म्हणा. उद्याच पाठवते.

हॅरिएट


२६ एप्रिल

लोमासबाई,

नको.

तो धोका खरा नाही, आणि तुम्हालाही ते माहीत आहे. पक्कं झालंय ते जाणार नाही, हे तुम्हीच मला शिकवत होता ना सगळा हिवाळा?

वि. गार्बट


हेसल रोड, हल
१९ सप्टेंबर

डॅरन,

काल तू मेव्हिसच्या फोनवर बोललास ते मी ऐकून घेतलं, पण ती पलीकडे कान लावून बसली होती, म्हणून लिहिते.

तू म्हणतोस टिलीच्या नव्या शाळेने गुलाबी कागद पाठवलाय, तुला त्यातलं काही कळत नाही, आणि रविवारी तू तिला गणिताला बसवलंस, तिला वेळ लागला, तू म्हणालास “इकडे दे, असं कर, झालं”, आणि ती रडत खोलीत गेली. आता विचारतोस, आई, तू काय करायचीस.

मी तेच करत होते, मूर्खा. तू आत्ता करतोयस तेच. नाताळात तू जे पान पाहिलंस ते माझं होतं, तिचं नव्हतं.

त्या कागदावरच्या गप्पांना जा. तिथे खुर्च्या बुटक्या असतात, चालवून घे. ठोकळे देतील, त्यांच्याशी खेळ, कोणी हसलं तर हसू दे. तुला उत्तर येत असलं तरी लिहू नकोस. तुला शाळेत दशक मोडायची रीत शिकवली, ती तुला येते, पण का ते येत नाही, पैज लावते. मलाही येत नव्हतं.

घरी तिला एकच विचार: “कसं कळलं?” आणि मग हात खिशात घाल, जीभ दाताखाली धर, आणि गप्प बस. तुला वाटेल ती विसरली. विसरलेली नसते. तुला वाटेल चहा निवतोय. निवू दे. तिच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, वहीकडेही नको. खिडकीकडे बघ. ती बोलेल. बोलली आणि चुकली तर लगेच खोडू नकोस, ती का चुकली ते तिलाच सापडतं, आणि त्यात काहीतरी शहाणं असतं दर वेळी. या पोरीने कधी उगाच काही चुकीचं केलेलं नाही.

लिॲनला सांग, खोलीचा रंग चांगला आहे, फोटो मिळाला.

आणि टिलीला एक निरोप दे. गुड फ्रायडेला तिने मला ‘तुझं कारण काय?’ असं विचारलं होतं, आणि मी पॅटीचं काहीतरी बोलले. तिला सांग, आजीने घाई केली नाही. पाच महिने विचार केला. उत्तर आलंय.

ते कागदावर लिहिणार नाही, तिलाच सांगीन. ऑक्टोबरच्या सुट्टीत गाडीने येतेय, स्टेशनवर ये. तुमच्या घराला जिना आहे असं तू म्हणालास. खालची पायरी मोकळी ठेव, तिथे बूट ठेवू नका. आम्हा दोघींना तिथे उभं राहायचंय.

आई